शालिग्रामची गाठ

"बंद करू नको रे! इंजन चालूच ऱ्हाऊ दे!"

शालिग्राम बॉनेटखालून ओरडला, तसा किल्लीकडे गेलेला कुंदनचा हात थांबला. या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू ठेवून, गरम असतानाच मोजायचं असतं, हे शालिग्रामने त्याला आजवर दहा वेळा तरी सांगितलं असेल. पण इंजिनाचं तेल सगळे इंजिन बंद करून बघतात आणि हाताला तीच सवय लागलेली असते, तेव्हा एकट्या कुंदनला काय बोलायचं.

"आते दांडी फिरव," तो म्हणाला. "मांगे, पुढे, सगळा गिअर एक एक करीसन. मंग परत पार्कमां लाव."

कुंदनने दांडी फिरवली. प्रत्येक गिअरला गाडीने अंग झटकल्यासारखं केलं. शालिग्रामने गेजची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घालून पुन्हा काढली आणि उजेडात धरली. तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं. कमीही नाही, जास्तही नाही. त्याने सुस्कारा सोडला. कमी असतं तर भरलं असतं आणि मोकळं झालो असतो, असं त्याला वाटून गेलं. हल्ली हातात आलेलं काम सोपं निघावं एवढीच त्याची अपेक्षा असे, आणि ते काही केल्या सोपं निघत नसे.

मे महिना होता, सकाळचे अकरा वाजले होते आणि सुरतेच्या लिंबायत वस्तीतला गॅरेजचा पत्रा आत्ताच अंगावर यायला लागला होता. शालिग्रामचं गॅरेज म्हणजे चार खांब आणि वर हा पत्रा. एका अंगाला पिठाची गिरणी, दुसऱ्या अंगाला लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. खात्यातला खडखडाट दिवसपाळी, रात्रपाळी करत चालूच असे. शालिग्रामला तो ऐकू येणं कधीच बंद झालं होतं. वीज गेली की मात्र तो दचके.

पारोळ्याकडच्या खेड्यातून तो सतराव्या वर्षी सुरतेला आला. अठरा वर्षं लूम चालवल्या, मग त्याच खात्यात लूमच्या विजेच्या मोटारी दुरुस्त करायला लागला आणि मोटारींवरून गाड्यांवर आला. आता बासष्ट पूर्ण झाली होती. गुडघे बोलत होते, डोळ्यांपुढे चष्मा असूनही अंधूक दिसे. यंदाच्या दिवाळीला पाने-पक्कड भंगारात घालणार, असं तो गेल्या तीन दिवाळ्या म्हणत होता. लोक मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येत, कारण शालिग्रामच्या हातून गेलेलं काम परत येत नाही असं साऱ्या गल्लीत बोललं जाई. हे बोलणं त्याच्याही कानावर येई. उगाच खोटं कशाला सांगा, त्याला ते आवडत असे.

"काय दखायनं नाना?" कुंदनने खिडकीतून विचारलं.

"थांब जरा. घाई नको करू."

कुंदन छत्तीस वर्षांचा. त्याचा डावा पाय एका ट्रकखाली गुडघ्याखालून गेला होता. आता तिथे नकली पाय होता. त्या पायाने चालता येई, पण क्लच कुठवर दाबला ते कळत नसे. म्हणून जुनी का होईना, बिनक्लचची ऑटोमॅटिक गाडी त्याने शोधून घेतली. मार्केटातून साड्यांचे गठ्ठे आणायचे, लिंबायतच्या घराघरांत बायकांकडून त्यांना लेस लावून घ्यायची आणि माल परत पोचवायचा, हा त्याचा धंदा. बायकांचं सगळं त्याची बायको नूतन सांभाळी, ने-आण तो करी. ही गाडी गेली तर दुसरी तशी मिळायची नव्हती आणि मिळाली तरी परवडायची नव्हती. मग कुंदनला खाटेवर बसून बायकोच्या कमाईकडे बघत राहावं लागलं असतं. पाय गेल्यावर वर्षभर तो तसा बसला होता. 

गाडीचं दुखणं दोन महिन्यांचं होतं. सकाळी गार असताना झकास चाले. पर्वत पाटियाच्या गर्दीत वीस-पंचवीस मिनिटं रखडली की गिअर घसरायला लागे, समोर लाल दिवा लागे, जळका वास येई आणि गाडी एकाच गिअरमध्ये हट्ट धरून बसे. तासभर सावलीत उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी चाले. मार्केटाच्या तोंडाशी असलेल्या भगवानच्या गॅरेजात कुंदनने ती महिन्यापूर्वी दाखवली. भगवान जालन्याकडचा, चाळिशीचा, शिकलेला माणूस. त्याने यंत्र लावून गिअरबॉक्सची उष्णता बघितली, तेल बदललं, तरीही गाडी तापली तेव्हा म्हणाला, गिअरबॉक्स खोलावा लागेल. तेव्हापासून कुंदनने त्याच्या नावाने शंख सुरू केला होता.

"डुप्लिकेट तेल टाकं त्यानी," कुंदन आत्ताही तेच म्हणत होता. "मी सारा मार्केटमां सांगी दिधं. त्याना दोन गिऱ्हाईक तर मी सोताच तोडी टाकात. चोर शे तो."

 शालिग्रामने खिशातून कोऱ्या कापडाचा एक तुकडा काढला. बिनरंगाचं, लूमवरून नुकतं उतरलेलं असं कापड खात्यात ढिगाने पडलेलं असे आणि शालिग्राम ते पारखायला वापरी. पट्टीवरचा एक थेंब त्याने कापडावर टाकला आणि तो पसरायची वाट पाहिली. डाग तपकिरी झाला, पण कडेला चांगल्या तेलाची लाली होती. बोटाने चोळलं तर चुरा लागला नाही. नाकाशी नेलं तर करपल्याचा वास होता.

"तेल चांगलं शे," तो म्हणाला. "डुप्लिकेट नही. चांगलं तेल शे आनि ते तापी तापी करपनं."

"म्हंजे?"

"म्हंजे तेलनी गाडी नही तपाडी. गाडीनी तेल तपाडं."

कुंदनला हे आवडलं नाही. भगवान चोर निघावा अशी त्याची फार इच्छा होती.

शालिग्रामने एक खुर्ची सावलीत ओढून दिली. कुंदन नकली पाय सरळ ठेवून तीत बसला आणि शालिग्राम रेडिएटरशी वाकला. गिअरबॉक्सचं तापलेलं तेल एका नळीने पुढे जातं, तिथल्या वाऱ्यावर गार होतं आणि दुसऱ्या नळीने परत येतं. जाणारी नळी हाताला चटका देणारच. येणारी कोमट हवी. त्याने दोन्हींना हात लावून पाहिला आणि दोन्ही वेळा हात झटकला.

मग इंजिन बंद करून त्याने येणारी नळी काढून बाटलीत सोडली आणि कुंदनला जरा वेळ इंजिन चालू करायला लावलं. तेल चांगलं धारेने आलं. म्हणजे नळ्या तुंबल्या नव्हत्या. तेल जातं आहे, येतं आहे, पण गार होत नाही. मग वाराच लागत नसेल. पंखा तर गरगर फिरत होता. शालिग्राम नळी परत बसवून तिथेच उकिडवा बसला. उठायचं जिवावर आलं होतं.

तेवढ्यात त्याची बायको सरलाबाई डबा घेऊन आली. ऊन डोक्यावर घेऊन ती रोज यायची आणि रोज म्हणायची की उद्यापासून येणार नाही.

"आहो, जेवन करी ल्या आधी. गाडी कोठे पळी जाई ऱ्हायनी का?"

तिने कालचा रिकामा डबा उचलला. तो फडक्यात बांधलेला होता. फडक्याची गाठ तिने नखाने उकलायला घेतली आणि चिडली.

"कितलांदा सांगं, डबाले अशी गाठ मारू नका. सोडता सोडता मन्हा नखं गयात. दख रे कुंदन, चाळीस वरीस व्हयनात, याना हातनी एक गाठ माले सुटत नही."

कुंदन हसला. शालिग्रामही ओठांतल्या ओठांत हसला. ही त्याची जुनी गंमत होती. लूमवर धागा तुटला की तो जोडायला बारकी गाठ मारतात, चटकन आणि बघितल्याशिवाय. ती निसटू नये आणि कापडात दिसू नये. शालिग्रामच्या उजव्या तर्जनीचं टोक विसाव्या वर्षी मागाच्या चक्रात गेलं, तेव्हापासून तो अंगठा आणि मधल्या बोटाने गाठ मारी, आणि ती सगळ्यांच्या गाठीपेक्षा उलटी पडे. खात्यातले मास्तर कापडाचा ताका तपासताना बोट ठेवत आणि म्हणत, ही शालिग्रामची. सुटलेली एकही कधी दाखवता आली नाही कुणाला. आयुष्यात दुसरं काही फारसं मिरवण्यासारखं नव्हतं, त्यामुळे एवढ्याचा त्याला अभिमान होता.

तो जेवला नाही. "ठेव, खासू," म्हणाला. सरलाबाई कपाळाला हात लावून निघून गेली.

त्याने कापडाचा एक मोठा, हलका तुकडा घेतला आणि पंखा चालू असताना गाडीच्या तोंडासमोर धरला. पंखा आत वारा ओढतो, कापड ग्रिलला चिकटायला पाहिजे. ते चिकटलं नाही. हातातून सोडलं तर सरळ जमिनीवर पडलं. शालिग्रामने ते पुन्हा उचललं, पुन्हा धरलं, पुन्हा पडलं.

"नाना, काय खेळ लावेल शे?" कुंदनने खुर्चीतूनच विचारलं.

"वारा बंद शे. पुढलं खोलनं पडी."

इंजिन बंद झालं. बंपर सोडवायला अर्धा तास लागला. प्लास्टिकच्या क्लिपा उन्हाने ठिसूळ झाल्या होत्या, दोन तुटल्या. घाम चष्म्यावर टपकत होता. शेवटी बंपर खाली आला आणि शालिग्रामने आत डोकं घातलं.

रेडिएटर दिसतच नव्हता. त्याच्या जागी जाड, करडी गोधडी लावल्यासारखं दिसत होतं. सुताची रुई. खात्याच्या खिडक्यांतून उडणारी, साऱ्या लिंबायतच्या केसांवर आणि भांड्यांवर बसणारी ती रुई थरावर थर साचून, धूळ आणि तेल पिऊन घट्ट झाली होती. कुंदनची गाडी खात्याच्या भिंतीला लागून उभी राही, तेव्हा रुई येणारच. पण रुई रेडिएटरवर नव्हती. ती त्याच्यापुढे ताणून बांधलेल्या मच्छरदाणीच्या जाळीवर बसली होती. जाळीला चार कोपरे होते आणि चार कोपऱ्यांना चार गाठी.

शालिग्रामने चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत लावला. गाठी उलट्या पडलेल्या होत्या.

त्याला आठवलं. दीड वर्ष झालं असेल. गाडीचं पाणी तापतं म्हणून कुंदन आला होता, तेव्हा रेडिएटरमध्ये अशीच रुई अडकली होती. त्याने ती झाडली आणि पुन्हा अडकू नये म्हणून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा पुढे बांधला. खात्यातल्या प्रत्येक मोटारीला अशी जाळी बांधत. त्यात त्याला काही वेगळं केल्यासारखंही वाटलं नव्हतं. फक्त खात्यात दर आठवड्याला कुणीतरी ब्रश घेऊन ती जाळी झाडत असे. कुंदनला ते कोण सांगणार होतं? तोच सांगणार होता. बंपर बसवला, किल्ली दिली आणि सांगायचं राहिलं.

का राहिलं, हे आठवायचा त्याने खूप प्रयत्न केला. त्या दिवशी कुणी आजारी होतं का, गावाकडून फोन आला होता का, सरलाबाईशी भांडण झालं होतं का. काहीतरी सापडलं असतं तर बरं वाटलं असतं. पण काहीच सापडेना. साधा दिवस होता आणि तो विसरला होता.

 भगवानला ही जाळी कशी सुचावी? त्याच्या मुलखात उसाचे मळे, त्याने लूमचं खातं आतून कधी बघितलंही नसेल. तेल बदलायला बंपर काढावा लागत नाही. त्याने आपलं काम नीट केलं होतं, आणि महिनाभर साऱ्या मार्केटात तो चोर ठरत होता.

शालिग्रामने मागे वळून पाहिलं. कुंदन खुर्चीत फोन बघत होता. त्या पायामुळे त्याला खाली वाकता येत नव्हतं आणि वाकला असता तरी त्याला काय कळणार होतं. शालिग्रामने ब्लेड घेऊन चारही गाठी कापल्या, जाळी रुईसकट गुंडाळली आणि टायरांच्या मागे फेकली. सांगायचं नाही असं त्याने ठरवलं नव्हतं. सांगायचं असंही ठरवलं नव्हतं. हात आपोआप चालले, आणि ते अगदी सराईतपणे चालले याची त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"काय निंघनं नाना?"

"कचरा व्हता."

त्याने ब्रशने मागची धूळ काढली, पाण्याची हलकी धार मारली आणि इंजिन चालू करायला सांगितलं. कापडाचा तुकडा पुढे धरला तर तो हातातून हिसकावल्यासारखा जाऊन चिकटला. अर्धा तास गाडी जागेवर चालवली. येणाऱ्या नळीवर त्याने मूठ आवळून धरली आणि तशीच ठेवली. कोमट होती.

"चाल, निंघनं तुनं दुखनं," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला बसका वाटला.

कुंदन खुर्चीतून धडपडत उठला. गाडीला हात टेकून तो पुढे आला, नळीला हात लावून पाहिला आणि त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "नाना," तो म्हणाला, "काल राते नूतन माले म्हने, गाडी गई तर आपन गावले चालना जाऊ. मी रातभर जागा व्हतू." त्याने बाहीने तोंड पुसलं. मग त्याचा चेहरा बदलला. "आनि त्या भगवानले कचरा दखायना नही? महिनाभर गाडी दखी त्यानी! थांबा, त्याले दखाडस."

शालिग्राम काही म्हणेपर्यंत त्याने फोन लावला होता, आणि शालिग्रामने ऐकावं म्हणून आवाज मोठा केला होता.

"बोला कुंदनभाऊ," पलीकडून भगवानचा थकलेला आवाज आला. "आता काय राहिलं अजून?"

"राहिलं? तुझं गॅरेज बंद करणं राहिलं!" कुंदन रागाने शुद्ध मराठीवर आला. "कचरा होता कचरा, रेडिएटरपुढे. आमच्या नानांनी दोन तासांत काढला. आणि तू गिअरबॉक्स खोलायला निघाला होतास. चोर आहेस तू, हे आजच मार्केटात..."

"ओ भाऊ, तोंड सांभाळून बोला. लई झालं आता. माझी पोरगी सुद्धा इचारती, पप्पा लोक तुमाला असं का म्हणत्यात."

शालिग्रामने हात पुढे केला आणि कुंदनच्या हातातून फोन घेतला.

"भगवानभाऊ, मी शालिग्राम बोलतो. लिंबायतचा." आपण कुठल्या भाषेत बोलतो आहोत याचं त्याला भान नव्हतं. "कचरा नव्हता. रेडिएटरपुढे जाळी होती. मी बांधलेली. दीड वर्षापूर्वी. ती झाडायला लागते हे मी याला सांगितलंच नाही. तुमची काही चूक नाही. तेल पण तुम्ही चांगलं टाकलं होतं."

 शेजारी लूम खडखडत राहिल्या.

"बाबा," भगवान शेवटी म्हणाला, "गाडी घेऊन या इकडं. यंत्र लावून बघू. किती दिवस तापली ती, आत काय झालं ते बघाया पाहिजे."

फोन बंद झाला. कुंदन त्याच्याकडे बघत उभा होता. शालिग्राम टायरांच्या मागे गेला, जाळी उचलून आणली आणि त्याच्यापुढे उलगडली. कोपऱ्यात कापलेली गाठ लोंबत होती. आत्ताच दीड-दोन तासांपूर्वी सरलाबाईने त्या गाठीची चेष्टा केली होती. कुंदनने ती दोन बोटांत धरून पाहिली.

"तुमनीच शे," तो म्हणाला.

"मन्हीच."

"मंग मघाशी कचरा काबर म्हनात?"

"भ्याव वाटना," शालिग्राम म्हणाला. "दुसरं काय सांगू?"

 बंपर बसवताना शालिग्रामने तुटलेल्या क्लिपांच्या जागी तार घातली आणि ती पकडीने पिळली.

दुपारचे तीन वाजले होते, म्हणजे परीक्षेला याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. रेल्वेखालच्या गरनाळ्यात, त्या अरुंद बोगद्यात, रिक्षा आणि टेम्पो एकमेकांत अडकले होते. कुंदन गाडी चालवत होता, शालिग्राम शेजारी बसला होता आणि दोघांचे डोळे लाल दिव्याच्या जागेवर होते. वीस मिनिटं झाली. तीस झाली. पर्वत पाटियाच्या सिग्नलवर तर ती इंचाइंचाने सरकली. गिअर घसरला नाही, वास आला नाही. एरवी कुंदनने आनंदाने मांडीवर थाप मारली असती. आज तो समोर बघत राहिला. एकदाच म्हणाला, "मी त्याले लोकेसनासमोर चोर म्हनं, नाना." 

भगवानने यंत्र लावलं, गाडी स्वतः एक फेरी मारून आणली आणि पडद्यावरचे आकडे दोघांना दाखवले. उष्णता जागेवर होती.

"तापायचं थांबलं," तो म्हणाला. "पण गिअर बदलताना आत जरा झटका देते. आतल्या पट्ट्या थोड्या झिजल्यात. तेल परत बदलू, जपून चालवा. वर्ष काढील, दोन काढील. आता ते सांगता यायचं नाही."

कुंदनने मान खाली घातली. "भगवानभाई, मी बोललो ते..."

"मला नका सांगू," भगवान फडक्याला हात पुसत म्हणाला. "जिथं बोललात तिथं जाऊन सांगा."

कुंदन खरंच निघाला. नकली पाय ओढत, रस्ता ओलांडून, मार्केटाच्या पायऱ्यांकडे. भगवानने एक खुर्ची शालिग्रामपुढे सरकवली आणि पाण्याचा ग्लास दिला.

"बाबा, तुमी बोलला नसता तर मला काय कळणार होतं?"

"नसतं कळलं," शालिग्राम म्हणाला. तो पाणी प्यायला. "या गाडीचं पुढचं सगळं तुम्हीच करा. त्याला मी सांगतो."

कुंदन परत आला तेव्हा शालिग्रामने त्याला ते सांगितलं. कुंदन नको म्हणेल, असं त्याला आत कुठेतरी वाटत होतं. अहो नाना, असं काय करता, इतक्या वर्षांचं आपलं, असं काहीतरी. कुंदन "बरं" म्हणाला. मग त्याने गाडीचं दार उघडून धरलं. "चला, सोडस तुमले घर."

"नको. माले काम शे."

शेअर रिक्षात तीन माणसांमध्ये दाबून बसलेला शालिग्राम बोटांवर मोजत आला. जाळी त्याने एकट्या कुंदनच्या गाडीला बांधली नव्हती. चिंधाच्या टेम्पोला बांधली होती. सुकलालच्या जुन्या मारुतीला. दूधवाल्याच्या गाडीला, पिठाच्या गिरणीवाल्याच्या. आणखी दोन होत्या, एकीचा मालक आठवत होता, दुसरीचा आठवत नव्हता. कुणाला झाडायला सांगितलं होतं आणि कुणाला नाही, हेही आठवत नव्हतं.

गॅरेजातला डबा उचलून तो घरी गेला, तेव्हा सरलाबाईने विचारलं, डबा तसाच का आणला. तो म्हणाला, येतो. त्याने कोनाड्यातून ब्लेड आणि ब्रश घेतला आणि परत बाहेर पडला.

चिंधाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. ऊन उतरलं होतं. चिंधा ओट्यावर बसून चहा पीत होता.

"काय नाना, आज इकडे कसा काय? गाडी चांगली शे. काही तक्रार नही मन्ही."

"तुनी नही. मन्ही शे," शालिग्राम म्हणाला. "तुना टेम्पोमां मी एक जाळी बांधेल शे. ती काढनी शे."

टेम्पोच्या तोंडाशी गुडघे टेकायला त्याला वेळ लागला. एक हात जमिनीवर ठेवून तो हळूहळू खाली बसला आणि पुढच्या फटीतून आत बोटं घातली. रुई हाताला लागली, तिच्याखाली जाळी आणि कोपऱ्यात गाठ. ब्लेड खिशातच राहू देऊन त्याने आधी ती सोडवून पाहिली. अंगठा आणि मधलं बोट, जशी मारली होती तशीच उलट. नख घातलं, ओढलं, पुन्हा घातलं. गाठ जागची हलली नाही.

"ऱ्हाऊ द्या ना नाना," चिंधा ओट्यावरून म्हणाला. "तुमना हातनी गाठ शे. ती काय सुटनार शे का?"

शालिग्रामने ब्लेड काढलं.